फोटोतलं तळं कुठलं: बाउंडरी वॉटर्स की क्वेटिको?

पाण्यात उतरत गेलेला ग्रॅनाइटचा कातळ, त्यावर दोन-चार पाइन, समोर निवांत पाणी आणि कडेला पालथी घातलेली कनू. असा फोटो पुढे करून ‘ओळखा, कुठलं तळं?’ असं कुणी विचारलं, की उत्तर हमखास दोन नावांत अडकतं. एक, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातलं बाउंडरी वॉटर्स हे राखीव रान. दुसरं, त्याला लागूनच सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं क्वेटिको उद्यान. पहिल्यात हजाराहून जास्त तळी, दुसऱ्यात दोन हजारांहून जास्त. जंगल तेच, आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणीही तेच.

बरेचजण झाडं-पक्षी बघून अंदाज बांधतात आणि तिथेच फसतात. लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी, पण ऑन्टारिओचाही तोच. लाल पाइन मिनेसोटाचा राज्यवृक्ष आणि पांढरा पाइन ऑन्टारिओचा हे खरं, पण दोन्ही झाडं दोन्हीकडे शेजारी-शेजारी वाढतात. कनूवरचा मिनेसोटाचा नोंदणी क्रमांकही पुरेसा नाही. क्वेटिकोत वल्हवणारे कितीतरी लोक मिनेसोटातूनच येतात.

माझा भरवसा चुलीवर आहे. बाउंडरी वॉटर्समध्ये मुक्काम बहुतेक ठिकाणी आखून दिलेल्या जागीच करावा लागतो. तिथे चुलीसाठी वनखात्याने रोवलेली लोखंडी जाळी असते आणि मागे झाडीत भिंती-छप्पर नसलेला संडास. क्वेटिकोच्या आतल्या मुक्कामांवर यातलं काहीच नाही. आधीच्या प्रवाशांनी रचलेलं दगडांचं कडं, तेवढंच. म्हणून फोटो हातात आला की क्षितिज सोडून आधी खालचे कोपरे बघावेत. जाळीचा एक गज दिसला तरी देश ठरतो. जाळी दिसली नाही म्हणजे क्वेटिको, असं उलटं मात्र म्हणता येत नाही. फोटो काढणारा चुलीकडे पाठ करून उभा असेल.

मासा हातात धरलेला फोटो असेल तर गळाकडे बघा. मासा सुटू नये म्हणून गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, तो क्वेटिकोत चालत नाही. काटा दिसला, तर मी बाउंडरी वॉटर्स म्हणेन.

खडक मात्र देशापेक्षा दिशा जास्त चांगली सांगतो, आणि या कोड्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच. बाउंडरी वॉटर्सच्या पूर्व टोकाला, गनफ्लिंट ट्रेल नावाच्या रस्त्याच्या बाजूला, शेल या मऊ खडकाच्या थरांत डायबेज या खडकाचे कठीण काळे थर घुसलेले आहेत आणि ते सगळे दक्षिणेकडे कललेले आहेत. मऊ शेल झिजला, डायबेज उरला. त्यामुळे तिथली तळी पूर्व-पश्चिम पसरलेली, बोटासारखी लांबट, आणि डोंगरांचे कडे उत्तरेकडे तोंड करून तुटलेले. रोझ किंवा क्लिअरवॉटर तळ्याचे फोटो एकदा नीट पाहिले की ती ठेवण विसरत नाही. क्वेटिकोची हद्द सॅगनागा तळ्यापाशी सुरू होऊन पश्चिमेला जाते. म्हणजे असा काळा कडा आणि खाली अरुंद पाणी दिसलं, तर क्वेटिकोचं नाव बहुतेक खोडून टाकता येतं. पश्चिमेला ग्रॅनाइटवरची तळी वेडीवाकडी, खाड्या-बेटांनी भरलेली. तिथे खडक फारशी मदत करत नाही.

कातळावर गेरूने काढलेली चित्रं दिसली तर काम सोपं होतं. हात पसरलेला माणूस, मूस (तिथलं मोठं हरीण) आणि होड्या एकत्र असतील तर ते मिनेसोटातलं नॉर्थ हेगमन तळं. हातांचे ठसे असतील तर आधी सीमेवरच्या लॅक ला क्रॉय तळ्याचा कॅनडाकडचा किनारा आठवावा. इथल्या मूळ रहिवासी आनिशिनाबे लोकांसाठी या जागा आजही पवित्र आहेत, तेव्हा फोटो लांबूनच काढावा, चित्रांना हात लावू नये.

उरतात ती सीमेवरची तळी: सॅगनागा, नाइफ, बासवुड, क्रूकेड. यांच्यातून सीमारेषा पाण्यावरूनच जाते, म्हणून निम्मं तळं इकडे आणि निम्मं तिकडे. नाइफ तळ्याच्या काठावरून दुपारी काढलेल्या फोटोत मी सावल्या शोधतो. इतक्या उत्तरेला माध्यान्हीचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. झाडांच्या सावल्या पाण्याकडे पडत असतील, तर कॅमेरा दक्षिण काठावर, म्हणजे मिनेसोटात. सावल्या पाण्यापासून दूर, जंगलाकडे वळलेल्या असतील, तर तो पलीकडे, क्वेटिकोच्या काठावर.