म्हाताऱ्या कुत्र्याच्या पोटाची सोनोग्राफी : येण्याआधी एवढं वाचा

रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढलेत किंवा तपासताना पोटात काहीतरी हाताला लागलं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आमच्याकडे चिठ्ठी दिली असेल. आठ-दहा वर्षांपुढच्या कुत्र्यांची सोनोग्राफी बहुधा यकृत आणि पानथरी (प्लीहा) यांच्यासाठीच असते.

येण्याआधी आठ ते बारा तास जेवण नको, पाणी चालेल. जठर भरलेलं असलं की त्यातलं अन्न आणि वायू मागचं काही दिसू देत नाहीत. ‘चहाबरोबर एकच बिस्किट दिलं’ हेही आम्हाला सांगा, रागावणार नाही. कुत्र्याला मधुमेह असेल, इन्सुलिन चालू असेल, तर मात्र परस्पर उपाशी ठेवू नका; आधी डॉक्टरांना विचारा.

भूल सहसा लागत नाही. पोटावरचे केस काढून, जेल लावून त्याला उताणं किंवा कुशीवर झोपवतो. साधारण अर्धा तास जातो. घरचं माणूस डोक्याशी बसलं तर बरं. ‘केस नका ना काढू’ अशी गळ गोल्डन रिट्रीव्हरवाले हमखास घालतात, पण केसांत अडकलेल्या हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. केस परत येतात.

एक्स-रे काढला असेल तर सोबत आणा. त्यात अवयवाचा आकार आणि जागा कळते. वाढलेलं यकृत जठराला मागे ढकलतं ते दिसतं. पोटात पाणी किंवा रक्त साठलं असेल तर मात्र एक्स-रेत सगळं एकसारखं राखाडी. सोनोग्राफीत त्याच पाण्यात अवयव उठून दिसतात, आणि आतला पोतही कळतो.

आता रिपोर्टबद्दल. ‘यकृतात गाठी’ वाचून लोकांचे चेहरे पडतात. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठी होणं इतकं सर्रास आहे की एकही नसली तरच नवल. मोठं आणि पांढरट दिसणारं यकृत बऱ्याचदा कुशिंग या हार्मोनच्या आजारामुळे किंवा स्टिरॉइड चालू असल्यामुळे असतं, म्हणून चालू औषधांची नावं लिहून आणा. पित्ताशयात थोडा गाळ असणंही नेहमीचंच. पण तोच पित्तरस घट्ट होऊन कापलेल्या किवी फळासारखा दिसू लागला, तर ती गोष्ट त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावी लागते.

पानथरी नुसती मोठी दिसली तर आमचा पहिला प्रश्न गोचीडतापाचा असतो. आपल्याकडे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे त्याचे दोन्ही प्रकार भरपूर. काही गुंगीच्या औषधांनीही पानथरी फुगते, आणि जर्मन शेफर्डची तर मुळातच मोठी असते.

पानथरीतली गाठ ही वेगळी गोष्ट. रक्त साकळून झालेली साधी गाठ आणि हिमँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांचा कर्करोग पडद्यावर अगदी सारखे दिसू शकतात. अशा पोकळ, रक्ताळ गाठीत सुई घालणं आम्ही टाळतो : रक्तस्राव होऊ शकतो, आणि नमुन्यात बहुतेक नुसतं रक्तच येतं. खरं उत्तर पानथरी काढून पॅथॉलॉजीला पाठवल्यावरच मिळतं. ऑपरेशनआधी छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे आणि बहुतेक वेळा हृदयाची सोनोग्राफी करतात, आजार तिथे पोहोचलाय का ते बघायला. पानथरीतल्या गाठींपैकी दोन तृतीयांश कर्करोगाच्या, असा एक जुना ठोकताळा आहे. पण न फुटलेल्या, सहज तपासणीत सापडलेल्या गाठींत साध्या गाठींचं प्रमाण बरंच जास्त निघतं. म्हणून एवढीच विनंती : नुसत्या आमच्या रिपोर्टवर कुत्र्याला कायमचं झोपवण्याचा निर्णय घेऊ नका.

अपॉइंटमेंटची वाट पाहू नये अशी एक वेळ मात्र असते. कुत्रा अचानक बसला, उठेना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट तटतटलं, तर गाठ फुटून आत रक्तस्राव होत असू शकतो. कधी तो आपोआप थांबतो, सांडलेलं रक्त शरीर पुन्हा शोषून घेतं, आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत ताटापाशी हजर. ‘उन्हाचा त्रास झाला असेल’ म्हणून घरचे सोडून देतात. पुढचा रक्तस्राव थांबेलच असं नाही. असं काही दिसलं तर आमच्याकडे नको, ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात थेट न्या. पोटात रक्त आहे का, हे तिथेही दोन मिनिटांत कळतं.