बोल्ट टिकतो तो ताणामुळे

दुचाकीसाठी रंगीबेरंगी स्टेनलेस बोल्टचे संच हल्ली ऑनलाइन सहज मिळतात आणि त्यांच्या जाहिरातींत दोन आश्वासने हमखास असतात: हे बोल्ट गंजणार नाहीत आणि तुटणार नाहीत. पहिले आश्वासन बऱ्याच अंशी खरे आहे. दुसऱ्याला मात्र फारसा आधार नाही, आणि ब्रेक कॅलिपर, डिस्क, हँडलचा क्लॅम्प, इंजिन माउंटिंग अशा ज्या मोजक्या ठिकाणी जिवाची भिस्त बोल्टवर असते, तिथे ही समजूत महागात पडू शकते.

पोलादी बोल्टच्या डोक्यावर 8.8, 10.9 किंवा 12.9 असा आकडा उठवलेला असतो. आपल्याकडील आयएस 1367 या भारतीय मानकातही हीच पद्धत आहे. पहिल्या आकड्याला 100 ने गुणले की तुटेपर्यंतची ताकद मेगापास्कलमध्ये (दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन बल, या मापात) मिळते, म्हणजे 8.8 साठी 800. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबतो. इथे 80 टक्के, म्हणजे 640 मेगापास्कल. बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्टेनलेस बोल्टवर ‘ए2-70’ असे लिहिलेले असते. त्याची तुटेपर्यंतची ताकद 700 असली, तरी तो 450 मेगापास्कलच्या आसपासच कायमचा लांबू लागतो. दुकानदार ज्याला ‘एचटी’ (हाय टेन्साइल) बोल्ट म्हणतात त्या साध्या काळ्या 8.8 पेक्षा तो या बाबतीत बराच कमजोर आहे.

आता कुणी म्हणेल की दीडशे किलोच्या गाडीला 450 मेगापास्कल पुष्कळ झाले. या आक्षेपाचे उत्तर बोल्ट काम कसे करतो यात आहे, आणि माझ्या मते यंत्रशास्त्रातील हा सर्वांत सुंदर भागांपैकी एक आहे. बोल्ट म्हणजे भोकात अडकवलेली खुंटी, असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. पाना फिरवला की डोके आणि आटे यांच्यामधला दांडा ताणला जातो, आणि पूर्वस्थितीला येण्याच्या ओढीने तो मधले भाग एकमेकांवर दाबून धरतो. 8 मिलिमीटर जाडीचा 8.8 दर्जाचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटर पिळाने (टॉर्कने) आवळला, तर त्यात सुमारे 16,000 न्यूटनचा ताण येतो, म्हणजे दीड टनाहून अधिक वजन त्याला टांगल्यासारखे होते. दांड्याची मोकळी लांबी 50 मिलिमीटर असेल, तर एवढ्या ताणाने तो जेमतेम 0.1 मिलिमीटर लांबतो. तेवढ्या लांबण्यावर सगळा डोलारा उभा असतो.

या ताणाचा फायदा पाहा. बोल्टप्रमाणे मधले दाबलेले भागही स्प्रिंगच असतात, फक्त ते बोल्टपेक्षा कितीतरी ताठ असतात. ते चौपट ताठ आहेत असे समजा. खड्ड्यातून जाताना जोड उघडू पाहणारे 5,000 न्यूटनचे बल आले, तर त्याचा चार-पंचमांश भाग मधल्या भागांवरील दाब कमी करण्यातच खर्च होतो आणि बोल्टच्या वाट्याला फक्त 1,000 न्यूटनची वाढ येते. तोच बोल्ट सैल असेल, तर त्याला प्रत्येक खड्ड्यात पूर्ण 5,000 न्यूटनचा हिसका बसतो. आट्यांमधील या बोल्टचे परिणामकारक क्षेत्रफळ 36.6 चौरस मिलिमीटर आहे. त्याने भागले, तर सैल बोल्टमधील ताण प्रत्येक वेळी सुमारे 137 मेगापास्कलने वर-खाली होतो, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना 68. आट्यांच्या खाचांमुळे अशा बोल्टला लाखो वेळा सहन होणारी मर्यादा दोन्ही बाजूंना 50 मेगापास्कलच्या जवळपास असते. घट्ट बोल्टमध्ये हाच आकडा 14 भरतो. म्हणजे कमी आवळलेला बोल्ट तुटतो आणि नीट आवळलेला वर्षानुवर्षे टिकतो. असा थकून तुटलेला बोल्ट हातात आला, तर त्याचा छेद पाहावा: एका कडेपासून पसरत गेलेल्या गुळगुळीत, कमानीसारख्या रेषा आणि उरलेला खडबडीत तुकडा स्पष्ट दिसतो. तडा बहुधा पकडीतल्या पहिल्याच आट्याशी सुरू होतो, कारण एकूण भाराचा साधारण एक-तृतीयांश भाग तो एकटा वाहतो.

ए2-70 चा बोल्ट याच ठिकाणी अडतो. त्यालाही 16,000 न्यूटनचा ताण दिला, तर तो कायमच्या लांबण्याच्या उंबरठ्यावर येतो. कमी ताण दिला, तर वरच्या हिशेबातील संरक्षण जाते.

बोल्ट आपोआप सैल का होतो, याचे उत्तर 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दिले. जोडातील भाग बोल्टच्या दांड्याशी काटकोनात एकमेकांवर घसरू लागले, की आट्यांमधील घर्षण जणू नाहीसे होते आणि बोल्ट स्वतःच उलटा फिरू लागतो. युंकरच्या पद्धतीच्या चाचण्यांमध्ये आपल्या मेकॅनिकांचा लाडका स्प्रिंग वॉशर जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण बोल्ट आवळताच तो पूर्ण चपटा होतो. घसरण थांबवणारा पुरेसा ताण, आणि जिथे कंपनीने सांगितले असेल तिथे आटे चिकटवणारा द्रव, हे खरे उपाय. हँडलला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी बांधावी, पण तिचे पकडबल शून्य न्यूटन असते.

टॉर्क मोजणारा पाना दाखवतो तो पिळाचा आकडा, ताणाचा नव्हे. पिळाचा साधारण निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात आणि 40 टक्के आट्यांच्या घर्षणात जातो. दांडा ताणायला जेमतेम 10 टक्के उरतो. त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमधील कोरड्या आट्यांसाठी दिलेला पिळ ग्रीस लावलेल्या बोल्टला दिला, तर ताण दीडपटीच्या पुढे जाऊन बोल्ट कायमचा लांबू शकतो. उलट गंजलेल्या आट्यांवर तोच पिळ घर्षणातच संपतो आणि बोल्ट घट्ट ‘वाटतो’ एवढेच.

मग सरसकट 12.9 चेच बोल्ट लावावेत काय? इतक्या कठीण पोलादावर विजेच्या साहाय्याने जस्ताचा मुलामा देताना आम्लातील हायड्रोजन धातूत शिरू शकतो आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट अचानक तुटतो. मुलाम्यानंतर सुमारे 200 अंश सेल्सिअसला काही तास भाजून हा धोका कमी करतात, पण स्वस्त, चमकदार 12.9 बोल्ट भाजलेला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मार्च 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे पुलाच्या नव्या भागातील 96 जाडजूड पोलादी दांड्यांपैकी 32 दांडे ताणल्यावर काही दिवसांतच तुटले. कारण होते हायड्रोजनमुळे आलेला ठिसूळपणा.

मापाचा घोळ अधिक साधा असतो, आणि अधिक वेळा होतो. आपल्या बऱ्याच मोटारसायकलींवर 10 मिलिमीटरच्या बोल्टला 1.25 मिलिमीटर अंतराचे बारीक आटे असतात, तर हार्डवेअरच्या दुकानात सहसा 1.5 चे मिळतात. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे हाताने व्यवस्थित जातो, मग अडतो, आणि तिथे पाना लावला की ॲल्युमिनियममधील आटे गेलेच. पान्याच्या मापावर विसंबूनही चालत नाही: जपानी वळणाच्या 8 मिलिमीटर बोल्टला 12 नंबरचा पाना लागतो आणि दुकानातील त्याच जाडीच्या बोल्टला 13 नंबरचा. आटे मोजण्याची पट्टी अगदी स्वस्तात मिळते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाताना जाडी, आट्यांचे अंतर, लांबी आणि दर्जा या चारही गोष्टी लिहून न्याव्यात.

जुना बोल्ट नमुना म्हणून दाखवणे पुरेसे नाही. जून 1990 मध्ये बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर उखडली गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला, तो वाचला. काच आदल्याच दिवशी बदलली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट 0.66 मिलिमीटरने बारीक होते, कारण ते काढलेल्या बोल्टशी नजरेने जुळवून निवडले होते. शिवाय काढलेल्या त्या बोल्टांपैकी बहुतेक मूळ विनिर्देशापेक्षा आखूडच होते. दुसऱ्या हाताने घेतलेल्या गाडीवरचा बोल्ट मूळचाच असेल, याचीही अशीच खात्री देता येत नाही.

स्टेनलेसला त्याची जागा आहे: नंबर प्लेट, मडगार्ड, आरसे, प्लास्टिकची आवरणे. इंजिनच्या ॲल्युमिनियममध्ये तो बसवायचाच असेल, तर आट्यांना ते जाम होऊ न देणारी अँटी-सीझ पेस्ट लावावी आणि त्यासाठी पिळ कमी करावा. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत या दोन धातूंमध्ये पाणी साचले, की विद्युत-रासायनिक क्रियेत ॲल्युमिनियमचा बळी जातो. बोल्टभोवती पांढरी भुकटी जमते आणि दोन पावसाळ्यांनंतर चकचकीत बोल्ट निघतो तो अनेकदा भोकातले आटे सोबत घेऊनच.