अहवाल निगेटिव्ह आला, पण...

खाद्यपदार्थाच्या एका बॅचमधली 60 पाकिटं प्रयोगशाळेत गेली आणि सगळे अहवाल निगेटिव्ह आले, तर ती बॅच सुरक्षित समजायची का? समजा, त्या बॅचमध्ये दर हजारातल्या एका पाकिटात साल्मोनेला हा आजार पसरवणारा जंतू आहे. तरीही साठच्या साठ नमुने स्वच्छ निघण्याची शक्यता तब्बल 94 टक्के असते. शंभरात एक पाकीट दूषित धरलं, तरी निम्म्याहून अधिक वेळा तपासणीच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणजे सुरक्षितता शेवटी तपासून मिळत नाही, ती बनवतानाच सांभाळावी लागते. 1960च्या दशकात अंतराळवीरांचं अन्न तयार करताना नासा, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा आणि पिल्सबरी कंपनी यांनी याच विचारातून एचएसीसीपी (धोक्यांचं विश्लेषण आणि नियंत्रणाचे कळीचे टप्पे) ही पद्धत रचली. धोका नेमका कुठे शिरेल ते आधी हेरायचं, तिथल्या तापमानाच्या, वेळेच्या मर्यादा ठरवायच्या आणि त्या सतत मोजत राहायच्या. पद्धत उत्तमच आहे. पण मोजतो माणूस, आणि आकडा चुकीचा दिसल्यावर उत्पादनाची लाइन थांबवायची की नाही, हेही माणूसच ठरवतो.

2008 साली कॅनडात मेपल लीफ कंपनीच्या शिजवलेल्या मांसातून लिस्टेरिया हा जंतू पसरला आणि 20हून अधिक जण दगावले. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि यंत्राच्या सांदीकोपऱ्यात चिकट थर करून राहतो. तो थर वरवरच्या धुण्याला दाद देत नाही. इथे तो काप करणाऱ्या यंत्रांच्या आत खोलवर होता, असा निष्कर्ष निघाला. लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे कारखान्यात तपासण्या होत होत्या आणि पॉझिटिव्ह निकालही येत होते. दर वेळी ती जागा धुतली जाई, पुढचा निकाल स्वच्छ आला की विषय संपे. जंतू पुन्हा पुन्हा का सापडतोय, हे सगळे निकाल एकत्र मांडून कुणी पाहिलं नाही.

अन्नसुरक्षेची संस्कृती हा शब्द भाषणांत फार गुळगुळीत झाला आहे, पण तिची खरी जागा इथे आहे. पॉझिटिव्ह निकाल आला की सुपरवायझरचा बोनस कापला जात असेल, तर स्वॅब, म्हणजे तपासणीसाठी बोळ्यानं पुसून घेतलेला नमुना, आपोआप चकचकीत टेबलावरून घेतला जातो. गटाराच्या जाळीखाली, कन्व्हेयरच्या पोकळ रोलरमध्ये कुणी हात घालत नाही. उलट जंतू शोधून काढणाऱ्याला शाबासकी मिळत असेल, तर सुरुवातीला पॉझिटिव्ह निकाल वाढतात. माझ्या मते ही वाढ पाहून घाबरणाऱ्या व्यवस्थापनाला सुरक्षेपेक्षा कागद प्यारा असतो.

सडणं वरिष्ठांपासूनच सुरू झालं, तर उरलेलं सगळं निरुपयोगी ठरतं. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशननं साल्मोनेला सापडलेला मालही विकला. 2008-09च्या त्या साथीत 9 मृत्यू झाले आणि 2015मध्ये कंपनीच्या प्रमुखाला 28 वर्षांची शिक्षा झाली.

आता थोडं पगाराबद्दल, कारण संस्कृती तिथेही घडते. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसचे मोजके कणही माणसाला आजारी पाडतात आणि अल्कोहोल सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. जुलाब होत असलेल्या कामगाराला घरी बसवणं हाच खरा उपाय. पण सुट्टीचा पगार कापला जाणार असेल, तर तो आजार लपवून कामावर येणारच. भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर कितीही मोठं लावा!

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेनं 2020मध्ये आणि युरोपीय संघानं 2021मध्ये ही संस्कृती नियमांत लिहिली. कायद्यात शब्द आला, तरी ऑडिटरला ती दिसते वेगळ्याच ठिकाणी. महिनाभर दर तासाला 75.0 अंश, एकाच शाईत, एकही खाडाखोड नाही, अशी तापमानाच्या नोंदींची वही समोर आली की अनुभवी ऑडिटर ती बाजूला ठेवतो. मग लाइनवर जाऊन ऑपरेटरला विचारतो, "लाइन तू शेवटची कधी थांबवलीस, आणि त्यावर साहेब काय म्हणाले?"