मल्चिंग म्हणजे खत घालणं नव्हे हो!

खत काय ते सगळ्यांना माहितीये, शेणखत, गांडूळखत, घरचं कंपोस्ट, कुजून काळं भुसभुशीत झालेलं, मातीत मिसळायचं, विषय संपला. घोळ होतो तो मल्चिंगचा, म्हणजे मातीवर पाल्याचा थर पसरायचा, आच्छादनाचा. 'शेवटी पालाच ना, मातीत कालवला काय नि वर पसरला काय', असं दर उन्हाळ्यात कोणीतरी ऐकवतं आणि माझं डोकं फिरतं.

सारखं नाहीये ते. सुका पाला, उसाचं पाचट, लाकडाचा भुसा यांच्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) नावाला. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५-३० भाग कर्बामागे १ भाग नत्र लागतं, भुशात तेवढ्याच नत्रामागे कर्ब २०० च्याही वर, मग कमी पडलेलं नत्र ते तुमच्या मातीतूनच ओढणार आणि झाड बसणार उपाशी. मी स्वतः सुताराकडे फुकट मिळाला म्हणून पोतंभर भुसा वांग्याच्या वाफ्यात खुरप्याने कालवला होता, काही दिवसांत खालची पानं पिवळी पडायला लागली, आणि मी आपला पाणी कमी पडतंय समजून अजून पाणी ओततोय! तोच भुसा वरून पातळ पसरला असता तर ही ओढाताण मातीला टेकलेल्या थरापुरतीच राहिली असती, मुळांना पत्ताही लागला नसता.

लावायचं कसं? तण उपटा, कंपोस्ट घालायचं असेल तर ते आधी मातीत, मग वाफा नीट भिजवा आणि वर २-३ इंच पाला. कोरड्या मातीवर पसरलात तर कोरडेपणाच झाकून ठेवाल. बुंध्यापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, खोडाला ढीग लावून ठेवलेला दिसला की मला राहवत नाही, मी लोकांच्या कुंड्यांतला पण सरकवतो. पावसाळ्यात थर निम्मा करा, नाहीतर खाली गोगलगायींची वस्ती.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर पसरू नका, बारीक असतं, थोडं पाणी घातलं तर स्वतःच पिऊन टाकतं. त्यापेक्षा नारळाची सोडणं तुकडे करून टाका. चंदेरी-काळा प्लॅस्टिकचा कागद शेतात ठिबकवर ठीक, घरच्या चार वाफ्यांना कशाला?

आणि थर खचला की खोदून आत ढकलायचा नाही, वरूनच नवा टाकायचा. खालचा काळा पडलेला पाला गांडुळं आपणहून आत नेतात. एप्रिलात भर दुपारी पाला सारून मातीत बोट घालून बघा, गार लागतं.