प्लेस्टेशनच्या बटणांचे रंग चुकलेले नाहीत

सोनीच्या प्लेस्टेशन या गेम कन्सोलच्या जुन्या कंट्रोलरवर गोल लाल आणि फुली निळी असायची. लाल म्हणजे थांबा, मग ‘हो’चं गोल बटण लाल कसं? सोनीने गडबडीत रंग उलटे लावले, असं खेळणारे वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आलेत. दुसरी कथा अशी की ही चिन्हं म्हणजे नुसते आकडे: गोल एका रेघेचा, फुली दोन, त्रिकोण तीन, चौकोन चार. हिशेब सुरेख जुळतो, पण बटणं त्यातून आलेली नाहीत.

कंट्रोलरचे डिझायनर तेइयू गोतो यांनी स्वतःच अर्थ सांगून ठेवला आहे. त्रिकोण म्हणजे नजर, खेळणाऱ्याचा दृष्टिकोन. चौकोन म्हणजे कागद, अर्थात मेन्यू. गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. रंग उलटे झालेत असं कंपनीतल्या वरिष्ठांनाही वाटलं होतं. गोतो मात्र ठाम राहिले.

पण गोल ‘हो’ का? जपानी शाळेत बरोबर उत्तरावर शिक्षक लाल गोल काढतात. (आपल्या उत्तरपत्रिकेत लाल गोल दिसला की चूक शोधायची!) त्यामुळे १९९४ साली कन्सोल जपानमध्ये आला तेव्हा गोलाने होकार आणि फुलीने माघार हे तिथे कुणाला समजावावं लागलं नाही. अमेरिका-युरोपातल्या बहुतेक खेळांत मात्र फुलीच होकाराची झाली, आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने जपानलाही तीच पद्धत लावली. पाव शतकाची सवय बोटांतून काढायला सांगितल्यावर तिथले खेळाडू कुरकुरले, यात नवल ते काय!