शरदातील उद्यान लागवड, मराठवाड्यातील

शरदातील उद्यान लागवड, मराठवाड्यातील : पावसाळा सरताना शोभेच्या बागेची आखणी करून कार्तिकाच्या आगेमागे फुलझाडे, झुडपे व वेली लावण्याची पद्धत. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर व धाराशिव (उस्मानाबाद) या आठ जिल्ह्यांत काळी भारी जमीन, परतीचा बेभरवशाचा पाऊस आणि पुढे चैत्रापासून जाणवणारी पाणीटंचाई या तीन गोष्टींनी या लागवडीला स्वतःचे वळण दिले आहे. घरापुढचे अंगण, शाळा, मंदिर वा कचेरीचे आवार, सार्वजनिक उद्यान अशा सर्व जागा येथे अभिप्रेत आहेत. व्यापारी फुलशेती नाही.

ऋतू व काल : पंचांगाप्रमाणे आश्विन व कार्तिक हे शरदाचे महिने. तथापि सुश्रुतसंहिता या प्राचीन आयुर्वेदग्रंथाच्या सूत्रस्थानात (अध्याय ६) ऋतूंच्या दोन गणना दिलेल्या आहेत. पहिलीत इष व ऊर्ज, म्हणजेच आश्विन-कार्तिक, हा शरद. दुसरीत शिशिर गाळून आषाढ-श्रावणाचा प्रावृट् हा ऋतू घातला आहे. तेथे भाद्रपद-आश्विन वर्षा आणि कार्तिक-मार्गशीर्ष शरद ठरतो. दुसरी गणना का आली, याविषयी दोन स्पष्टीकरणे आहेत. एका मताने ती शरीरातील वात-पित्त-कफ या दोषांचा संचय-प्रकोप (साठणे व उसळणे) आणि शोधनकर्म (शरीरशुद्धी) यांच्या सोयीसाठी आहे. टीकाकारांनी काश्यपाच्या नावे उद्धृत केलेल्या वचनानुसार ती प्रादेशिक आहे : गंगेच्या दक्षिणेस पर्जन्य अधिक, म्हणून तेथे प्रावृट् व वर्षा असे पावसाचे दोन ऋतू, उत्तरेस हिमालयामुळे थंडी अधिक, म्हणून तेथे हेमंत व शिशिर. वैद्यकात पहिले स्पष्टीकरण प्रबळ असले, तरी उद्यानशास्त्राच्या दृष्टीने दुसरे अधिक उपयोगी आहे. मराठवाड्यात हस्त नक्षत्राचा (सुमारे २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर) पाऊस हा पावसाळ्याचाच भाग असतो. चित्रा नक्षत्रातही सरी येतात. मोसमी वारे साधारणपणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात प्रदेशातून मागे हटतात, पण काही वर्षी दिवाळीपर्यंत ढग रेंगाळतात. आश्विनाच्या आरंभी लावलेली कोवळी रोपे चिखलात सडतात. कार्तिक-मार्गशीर्षातील लागवड टिकते. म्हणून येथील माळी ‘शरद’ हा शब्द न वापरताही दुसऱ्या गणनेनुसारच वागतो, असे म्हणता येईल.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील (सहावे शतक) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात लावणीचे काल सांगितले आहेत : फांद्या न फुटलेली रोपे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात आणि चांगला बुंधा धरलेली वर्षाऋतूच्या आरंभी. या यादीत शरदाचे नाव नाही, ही लक्षणीय गोष्ट आहे. त्याच अध्यायात झाडांमधील अंतर २० हात उत्तम, १६ मध्यम आणि १२ हे किमान सांगितले आहे. अर्थात ते वृक्षांसाठी आहे. त्यावरून वृक्षारोपण व ताटव्यांची हंगामी लागवड या मुळात वेगळ्या परंपरा असाव्यात, असे अनुमान निघते. बहावा, कांचन, आपटा, कडुनिंब ही झाडे मराठवाड्यात मृगाच्या पावसावरच लावावीत. शरदात लावलेल्या झाडाला पहिला उन्हाळा मुळे खोल जाण्याआधीच गाठतो. शरदाचा खरा मान हंगामी फुलांचा व गुलाबाचा आहे. विलायती हंगामी फुले एकोणिसाव्या शतकात छावणी व बंगल्यांच्या आवारांतून पसरली असावीत.

आखणीची परंपरा : प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध आखीव बाग म्हणजे बीबी-का-मकबऱ्याची चारबाग (चार भागांत विभागलेली मोगल धाटणीची बाग). तिच्या काळाविषयी मतभेद आहेत. काही ग्रंथांत बांधकामाचा आरंभ १६५१ मध्ये झाल्याचे दिले आहे. परंतु औरंगजेबाची पत्नी ज्या दिलरास बानू बेगमसाठी ही वास्तू उभारली ती १६५७ मध्ये निवर्तली. तेव्हा आरंभ त्यानंतरचा आणि पूर्तता १६६०–६१ च्या सुमाराची मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिचा पुत्र आझमशाह याला निर्माता म्हणण्याची रूढी आहे, पण त्याचा जन्म १६५३ चा. मूळ आखणीचे श्रेय त्याच्याकडे जाणे कठीण आहे. त्याने पुढे भर घातली वा दुरुस्ती केली असावी, हे मत स्वीकारार्ह दिसते. वास्तुकार म्हणून अताउल्ला आणि अभियंता म्हणून हंसपत राय यांची नावे सांगितली जातात. खुलताबादच्या बनीबेगम बागेतही मधोमध कबर व भोवती चौरस वाफे अशीच मांडणी आहे. या बागांना पाणी हवे होते, आणि ते शहरात आणण्याची वाट निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने (मृ. १६२६) खडकी (पुढचे औरंगाबाद) वसवल्यानंतर बांधलेल्या नहर-ए-अंबरीने दाखवली. डोंगराच्या पोटातले पाणी केवळ उतारावर, जमिनीखालच्या नळांतून शहरात खेळवणारी ही योजना पाहिली, की या प्रदेशात बागेचा विचार पाण्यापासूनच का सुरू होतो हे ध्यानात येते. दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग आता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (स्था. १९७२) फळ संशोधन केंद्राकडे आहे.

चारबागेत पदपथ उंच आणि वाफे खोलगट असतात, त्यामुळे फुले चालणाऱ्याच्या पायांच्या पातळीवर येतात व पाणी वाफ्यातच मुरते. काळ्या जमिनीत ही रचना पावसाळ्यात घातक ठरते. पण कार्तिकानंतर पावसाचे भय उरत नाही, म्हणून हंगामी फुलांसाठी किंचित खोलगट वाफा पाणी वाचवतो. गुलाब, अनंत, मोगरा अशा बहुवर्षायू झुडपांना मात्र १५ ते २० सेंमी. उंच ओटे हवेतच. एकाच बागेत दोन्ही प्रकार ठेवणे ही मराठवाड्याची गरज आहे, आणि आराखडा कागदावर काढतानाच दोन्हींची जागा ठरवावी लागते. पश्चिमेची दुपारची उन्हे अडवायला कण्हेर किंवा बोगनवेल, उत्तर-पूर्वेला खुली जागा, बोअर वा हौदाजवळ अधिक पाणी पिणारी झाडे आणि कडेला काटक झाडे, एवढे पाळले तरी अर्धे काम होते.

जमीन व वापसा : दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटाची चिकणमाती जास्त असते. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. ओल्या मातीत कुदळ घातली तर ढेकळे बनून पुढे दगडासारखी होतात. पूर्ण वाळल्यावर कुदळ चालत नाही. मधली, मूठभर माती दाबली असता गोळा होणारी पण बोटाने सहज फुटणारी अवस्था म्हणजे वापसा. मराठवाड्यातील शरदलागवडीचा खरा मुहूर्त तारखेने नव्हे, तर वापशाने ठरतो. हलक्या मुरमाड जमिनीत तो पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत येतो. खोल काळ्या जमिनीत आठवडा किंवा अधिक लागतो. ही वाट न पाहणे ही नवख्या बागाइतदाराची सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण बिघडलेली मातीची घडण त्या हंगामात दुरुस्त होत नाही.

माती बहुधा विम्लधर्मी (अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची) असते. सामू (पीएच) साधारणतः ७.५ ते ८.५ आणि खाली चुनखडीचे खडे. त्यामुळे मातीत असलेले लोह मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जास्वंद, अनंत, गुलाब व एक्झोरा यांवर हे लवकर दिसते. पुष्कळदा याला पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी दिले जाते आणि रोग वाढतो. हिराकशीची (फेरस सल्फेट) ०.५ टक्के फवारणी तात्पुरती मदत करते. बोअरचे क्षारयुक्त पाणी चालू राहिले तर ती पुन्हा करावी लागते. खड्डा भरताना मातीचा एक तृतीयांश भाग कुजलेले शेणखत व थोडा मुरूम मिसळल्यास निचरा सुधारतो. कच्च्या शेणखताने वाळवी येते. लव्हाळ्याच्या गाठी खुरप्याने तुटून उलट पसरतात. लॉनसाठी हरळी लावण्याआधी त्या वेचून काढाव्यात.

लागवड : हंगामी फुलांत पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, कॅलेंडुला, ॲस्टर, डॅलिया, अँटिऱ्हिनम, हॉलिहॉक, पॅन्झी यांचे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये टाकून चार-पाच आठवड्यांची रोपे लावतात. नॅस्टर्टियम व स्वीट पी थेट जागेवर टोकणे बरे. रोपे संध्याकाळी लावून लगेच पाणी आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी (दुसरे हलके पाणी) द्यावी. ग्लॅडिओलसचे कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावतात. निशिगंधाचे कंद उन्हाळ्यात लावतात. शरदात तो फुलावर असतो. ट्यूलिप व डॅफोडिल येथे साधत नाहीत, कारण त्यांच्या कंदांना अनेक आठवडे सलग थंडी लागते. मराठवाड्यात हिवाळ्याचे रात्रीचे तापमान सर्वसाधारणपणे १०–१५° से. असते, परभणीत ते कधीकधी ५° से.च्याही खाली उतरते, पण अशा रात्री थोड्या. थंड देशांत कंद शरदात पुरण्याची रीत तशीच उचलणे म्हणूनच फसते.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये होते. आधी पाणी तोडून झाडाला विसावा देतात, जुन्या व रोगट फांद्या काढून जोमदार फांद्यांवर बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घेतात. कापावर बुरशीनाशकाचा लेप लावतात. साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुले येतात. मुळे उघडी करण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून चालते. भारी जमिनीत मुळे दुखावत असल्याने ती टाळणे इष्ट. डिसेंबरात भुरी व फुलकिडे यांकडे लक्ष हवे.

शेवंतीविषयी दोन गोष्टी नेहमी गोंधळात टाकतात. पहिली नावाची. हिंदीत ‘सेवती’ हे नाव पांढऱ्या गुलाबालाही लावतात, त्यामुळे जुन्या वाङ्मयातील सेवती सर्वत्र आजची शेवंतीच असेल असे धरता येत नाही. आजची शेवंती मूळची चीनकडील मानली जाते. दुसरी गोष्ट लावणीच्या वेळेची. शेवंती लहान दिवसांत कळी धरते आणि येथे डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. कार्तिकात फाटे (फांदीचे तुकडे) लावले तर झाड वाढण्याआधीच कळी येते व बुटक्या काडीवर एकदोन फुले लागतात. फाटे उन्हाळ्याच्या अखेरीस ते पावसाळ्याच्या आरंभी लावून शेंडे खुडलेले असले, तर शरदात काठीचा आधार देण्याचेच काम उरते. झेंडू मूळ मेक्सिकोचा, पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आला असावा. दसऱ्याला लागणारा झेंडू पावसाळ्यातच लावतात. शरदातला संक्रांतीच्या सुमारास फुलतो.

पारिजातक, तगर, कोरांटी, अबोली, गुलबक्षी, जाई, जुई ही परसातली झाडे गुटी (झाडावरच मुळे फोडलेली फांदी), फाटे किंवा बी यांनी शेजाऱ्यांकडून मिळवून लावली जातात.

पाणी : वार्षिक पाऊस पश्चिमेकडे आष्टी-पाटोदा भागात कमी आणि पूर्वेला किनवट-माहूरकडे बराच जास्त असतो, त्यामुळे एकच वेळापत्रक साऱ्या प्रदेशाला लागू पडत नाही. १९७२, २०१२–१३ व २०१५–१६ च्या अवर्षणांत बागांचे हाल झाले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे चैत्रात टँकर येतो, तेथे बागेचा आराखडा आधी हौद मोजून करावा. हंगामी ताटवे फाल्गुनअखेर आपोआप संपतात, हीच त्यांची जमेची बाजू आहे : उन्हाळ्यात त्यांना पाणी मागण्याचा प्रश्न येत नाही. बहुवर्षायू झुडपे मोजकी असावीत, ठिबकवर असावीत आणि त्यांच्या आळ्यांत उसाचे पाचट अंथरावे. स्वयंपाकघरातील भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी कुंड्यांना चालते. साबणाचे पाणी विम्लधर्मी मातीत आणखी क्षार वाढवते. कण्हेर, बोगनवेल, कोरांटी आणि सदाफुली या झाडांना एकदा रुजल्यावर आठवड्यातून एक पाणी पुरते. नव्या लागवडीत निम्मी जागा त्यांना द्यावी.