पंख्याचे विमान म्हणजे जुनाट विमान?

‘बाहेर पंखा फिरतो, म्हणजे विमान जुन्या काळचे, त्यात जेटसारखे इंजिन नसते’ हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. पंखा उघडा दिसत असल्याने तसे वाटणे स्वाभाविकच.

प्रत्यक्षात एटीआर ७२सारख्या टर्बोप्रॉपमध्ये, म्हणजे टर्बाइनच्या जोरावर पंखा फिरवणाऱ्या प्रवासी विमानात, जेटसारखे गॅस टर्बाइनच असते: कॉम्प्रेसर हवा दाबतो, केरोसीन जळते, तप्त वायू टर्बाइन फिरवतात. टर्बाइनचा प्रचंड वेग गिअरबॉक्स पंख्यासाठी मिनिटाला सुमारे १,२०० फेऱ्यांवर आणतो, कारण पंख्याच्या पात्यांची टोके ध्वनिवेगाजवळ गेली की कार्यक्षमता घटते, आवाजही वाढतो. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास, छोट्या पल्ल्यावर ही रचना जेटपेक्षा कमी इंधन खाते.

पडताळायचे तर इंधन भरणाऱ्या टँकरवरची पाटी वाचा: ‘जेट ए-१’, म्हणजे जेट विमानांत भरतात तेच केरोसीन. जुन्या पिस्टन प्रवासी विमानांना पेट्रोल लागे.